छिद्रे पाडल्यावर नळी जास्त ऊर्जा शोषते की कमी?

प्रश्न थोडक्यात असा. एम.टेक.च्या प्रकल्पासाठी तुम्ही माइल्ड स्टीलच्या चौकोनी नळ्यांचे दोन संच यूटीएमवर (दाब-ताण चाचणीच्या यंत्रावर) उभे दाबले. पहिला संच ६० × ६० मिमी, जाडी १.५ मिमी, लांबी १८० मिमी. दुसरा ४० × ४० मिमी, जाडी २ मिमी, लांबी ३२० मिमी. दोन्हींत काही नळ्या साध्या, काहींना वरच्या टोकाजवळ समोरासमोरच्या दोन बाजूंवर गोल छिद्रे. पहिल्या संचात छिद्रांमुळे पीक लोड (सुरुवातीचा सर्वोच्च भार) पंधराएक टक्क्यांनी उतरला आणि शोषलेली ऊर्जाही किंचित घटली. दुसऱ्यात पीक उतरला, ऊर्जा मात्र चांगलीच वाढली. गाइड म्हणतात, छिद्रांनी ऊर्जा वाढते असे पेपरांत आहे, तेव्हा पहिला संच पुन्हा करा. तुमचा प्रश्न : चाचणीत चुकले कुठे?

कुठेही नाही. दोन्ही निकाल बरोबर आहेत आणि दोन्ही मिळून एकच गोष्ट सांगतात. जिथे धातूच नाही तिथे ऊर्जा खर्च होणार कशी? छिद्राचे काम वेगळे. पहिली घडी कुठे पडायची आणि नळी कोणत्या पद्धतीने कोसळायची, हे ते ठरवते. साधी नळी मुळातच नीट घड्या घालत असेल, तर छिद्राने थोडे नुकसानच होणार. साधी नळी मधेच वाकत असेल आणि छिद्रामुळे ती घड्या घालायला लागली, तर ऊर्जा वाढणार. म्हणून टक्केवारी काढण्याआधी साध्या नळीचा फोटो बघा. तुमच्या दुसऱ्या संचातल्या साध्या नळ्या मधोमध कोनात मोडल्या असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे.

आता कारणमीमांसा. पातळ नळी उभी दाबली की आधी लोड सरळ चढतो, भिंती फुगू लागतात, लोड एकदम कोसळतो आणि मग साडीच्या निऱ्यांसारख्या एकामागून एक घड्या पडत जातात. प्रत्येक घडीला लोड-अंतराच्या कर्व्हवर एक उंचवटा. पहिला उंचवटा सगळ्यांत मोठा, तो पीक लोड. बाकीचे त्याच्या खाली एका सरासरीभोवती वरखाली होतात, तो मीन लोड. ऊर्जा म्हणजे कर्व्हखालचे क्षेत्रफळ, म्हणजे व्यवहारात मीन लोड गुणिले स्ट्रोक (नळी दबते ते अंतर). पीकचा त्यातला वाटा फार थोडा असतो, कारण तो काही मिलिमीटरच टिकतो.

मीन लोड हाताने काढण्याची सोय १९६० पासून आहे. त्या वर्षी अलेक्झांडर यांनी गोल नळीसाठी घड्यांचे सोपे गणित मांडले. चौकोनी नळीसाठी १९८३ मध्ये व्हिएझबित्स्की आणि अब्रामोविच यांनी कोपऱ्याच्या एका घडीचा भूमितीय नमुना (मॉडेल) दिला. त्यातून निघणारे सूत्र असे : मीन लोड म्हणजे १३.०६ गुणिले फ्लो स्ट्रेस, गुणिले जाडीचा पाच-तृतीयांश घात, गुणिले बाजूच्या रुंदीचे घनमूळ. फ्लो स्ट्रेस म्हणून यील्ड (धातू कायमचा वाकू लागतो तो ताण) आणि अल्टिमेट (तो जास्तीत जास्त सोसतो तो ताण) यांची साधारण सरासरी घेतात. तुमच्या स्टीलचे यील्ड २५० आणि फ्लो स्ट्रेस ३०० मेगापास्कल धरले, तर पहिल्या संचाचा मीन लोड सुमारे ३० किलोन्यूटन येतो. पीकचा ढोबळ अंदाज म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ गुणिले यील्ड : ३५१ चौ. मिमी × २५०, म्हणजे सुमारे ८८ किलोन्यूटन. मीन भागिले पीक झाले ०.३४. हीच क्रश फोर्स एफिशियन्सी. आदर्श ऊर्जाशोषकात ती एकच्या जवळ असायला हवी, आणि छिद्रांचा सगळा खटाटोप मुख्यतः या आकड्यासाठी असतो.

पण त्या नमुन्यातली माझ्या मते सगळ्यांत उपयोगी गोष्ट सूत्रात दिसत नाही. घडी पडताना ऊर्जा तीन ठिकाणी जाते. एक, कोपऱ्याजवळ पत्रा दोन्ही दिशांनी वळून ताणला जातो तो छोटा भाग. दोन, बाजूवरच्या आडव्या बिजागरी-रेघा, जिथे पत्रा नुसता दुमडतो. तीन, कोपऱ्यापासून तिरक्या सरकत जाणाऱ्या बिजागरी-रेघा. घडी पडायला कमीत कमी लोड किती, असे गणित सोडवले की हे तिन्ही वाटे अगदी सारखे येतात. म्हणजे दोन-तृतीयांश ऊर्जा कोपरा आणि त्याच्या आसपासचा पत्रा खातो. बाजूच्या मधल्या रुंद भागाच्या वाट्याला फक्त एक-तृतीयांश. वजन मात्र बहुतेक सगळे त्या मधल्या भागात असते.

छिद्र कुठे पाडायचे, याचे अर्धे उत्तर इथेच मिळते. बाजूच्या मध्यावर पाडा. समजा तुम्ही प्रत्येक बाजूचा मधला एक-तृतीयांश रुंदीचा भाग खिडक्या काढून मोकळा केला आणि आडव्या रेघा तेवढ्या आखूड झाल्या. तोच नमुना पुन्हा सोडवला, तर मीन लोड दोन-तृतीयांशच्या घनमुळाच्या प्रमाणात, म्हणजे साडेबारा-तेरा टक्क्यांनी घटतो. खिडक्यांनी लांबीचा साठ टक्के भाग व्यापला असेल, तर वजन वीस टक्क्यांनी घटते. म्हणजे एकूण ऊर्जा कमी, पण दर किलोमागे ऊर्जा जास्त. पेपरांत ‘ऊर्जाशोषण वाढले’ असे लिहिलेले दिसले की ते एकूण ऊर्जेबद्दल आहे की दर किलोच्या, हे आधी तपासा. निम्मे वाद तिथेच मिटतात. अर्थात खिडक्या वाढवत नेल्या तर एका टप्प्यावर चार कोपरे चार सुट्या अँगलसारखे वागू लागतात, बाहेर फाकतात, आणि मग वरचे गणित लागू राहत नाही.

तुमच्या नळीत एवढे काही होत नाही. २० मिमी व्यासाची दोन छिद्रे म्हणजे जेमतेम साडेसात ग्रॅम पत्रा. अख्खी नळी सुमारे ५०० ग्रॅमची. वजनाचा फायदा नगण्य. पीकचे मात्र तसे नाही. त्या पातळीवर छेदातले ६० चौ. मिमी गेले, म्हणजे १७ टक्के, आणि पीकही साधारण तेवढाच उतरतो. तुमचा पंधरा टक्क्यांचा आकडा याच्याशी जुळतो.

इथे एक अट आहे. रुंदी आणि जाडी यांचे गुणोत्तर तुमच्याकडे ४० च्या आसपास आहे, म्हणून बाजू यील्डच्या आधी बकल होत नाही आणि सगळा छेद लोड घेतो. हेच गुणोत्तर १०० असेल, तर स्टीलची बाजू ७५-८० मेगापास्कलवरच फुगते. फुगलेला मधला भाग लोड झटकतो आणि तो कोपऱ्यांकडे सरकतो. ‘इफेक्टिव्ह विड्थ’ म्हणून आपण जे शिकतो, फॉन कारमान यांनी १९३२ मध्ये मांडलेले, तेच हे. अशा नळीच्या बाजूच्या मध्यावर छिद्र पाडून पीक फारसा हलत नाही, कारण तिथे लोडच नव्हता. मग लोक वैतागून छिद्र कोपऱ्यात नेतात. पीक धाडकन उतरतो हे खरे, पण सगळ्यांत जास्त ऊर्जा खाणारा पत्राच कापला गेला. कोपऱ्यात छिद्र घ्यायचेच असेल, तर फक्त पहिल्या घडीपुरते, अगदी टोकाशी, आणि लहान.

एवढे करून पीक कमी करायचाच कशाला, असे तुम्हाला व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) विचारतील, तेव्हा प्रवाशाला बसणाऱ्या झटक्याचे उत्तर अर्धेच ठरेल. गाडीत याचे खरे कारण भारांची उतरंड हे आहे. बंपर बीमच्या मागे क्रश बॉक्स (चिरडण्यासाठीच ठेवलेली आखूड नळी), त्यामागे लाँग मेंबर (सांगाड्याची लांब तुळई). हळू वेगाच्या धडकेत फक्त क्रश बॉक्स चिरडला जावा, तो बोल्ट काढून बदलता यावा आणि लाँग मेंबर शाबूत राहावा, अशी अपेक्षा. विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थांची आरसीएआर ही चाचणी त्यासाठीच आहे : ताशी १५ किमी, समोरची ४० टक्के रुंदी, १० अंशांनी तिरका कठीण अडथळा.

आकडे घालून बघा. १२०० किलोची गाडी ताशी १५ किमीने आली, तर गतिज ऊर्जा सुमारे १०.४ किलोजूल. धडक एका बाजूला असल्यामुळे एका क्रश बॉक्सवरच बहुतेक भार येतो; बीम काय खातो ते तूर्त बाजूला ठेवू. १०० × १०० मिमी, २.५ मिमी जाडीचा बॉक्स, फ्लो स्ट्रेस तोच ३००. मीन लोड येतो ८४ किलोन्यूटन. म्हणजे सव्वाशे मिमी स्ट्रोक हवा. नळी तिच्या लांबीच्या सुमारे ७३ टक्केच चिरडते, पुढे घड्या एकमेकींवर बसतात. तेव्हा बॉक्सची लांबी १७० मिमी. आता पीक बघा : १००० चौ. मिमी × २५०, म्हणजे २५० किलोन्यूटन. मागचा लाँग मेंबर २५० किलोन्यूटन सोसून सरळ उभा राहील इतका जाड करायचा, तोही फक्त काही मिलिमीटर टिकणाऱ्या त्या एका टोकासाठी? तो पीक १८० वर आणता आला, तर मागच्या सगळ्या पत्र्याची जाडी सुटते. छिद्र, खाच, बीड (पत्र्यात दाबून काढलेली पन्हळ), टोकाचा उतार यांची किंमत इथे वसूल होते, क्रश बॉक्सच्या स्वतःच्या ऊर्जेत नाही.

(जाता जाता : ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये (गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणाऱ्या चाचणीत) समोरची ऑफसेट धडक ताशी ६४ किमीची आहे. तीच १२०० किलोची गाडी तिथे १९० किलोजूल घेऊन येते. त्यात क्रश बॉक्सचे दहा किलोजूल म्हणजे किरकोळ. बॉक्सला भोके पाडून स्टार वाढतात असे कोणी प्रेझेंटेशनमध्ये सांगितले, तर हे दोन आकडे शेजारी ठेवा.)

आता उंची. छिद्र टोकापासून किती अंतरावर घ्यावे, याबाबत विद्यार्थी फारच बेफिकीर असतात. ‘वरून २५ मिमी’ असे ड्रॉइंगवर असते आणि का ते कोणालाच माहीत नसते. नळीची स्वतःची घडीची लांबी असते. त्याच १९८३ च्या नमुन्यानुसार अर्धी घडी म्हणजे साधारण ०.९८ गुणिले रुंदीच्या दोन-तृतीयांश घाताने आणि जाडीच्या एक-तृतीयांश घाताने येणारी लांबी. पहिल्या संचासाठी अर्धी घडी १७ मिमी, पूर्ण ३४. १०० × २.५ च्या बॉक्ससाठी पूर्ण घडी ५७-५८, म्हणजे १७० मिमीत बरोबर तीन घड्या. पहिल्या घडीचा फुगवटा टोकापासून अर्ध्या घडीच्या अंतरावर येतो. छिद्राचे केंद्र तिथे असले, की नळीला जे करायचे होते तेच ती थोड्या कमी लोडला करते. छिद्र नको त्या उंचीवर, उदाहरणार्थ ५० मिमीवर घेतले, तर पहिली घडी तिथे पडते आणि वरचा तुकडा ना पूर्ण घडीचा ना अर्ध्या, असा उरतो. तो नंतर तिरका दबतो आणि नळी कलते. कर्व्हवर हे दिसते : दुसरा उंचवटा पहिल्याइतकाच, कधी त्याहून मोठा. पीक कमी केल्याचा आनंद तिथेच संपतो.

समोरासमोरच्या दोन बाजू निवडल्या, हे तुम्ही चांगले केले. चौकोनी नळीच्या नेहमीच्या घडीत एका पातळीवर दोन समोरासमोरच्या बाजू आत जातात आणि उरलेल्या दोन बाहेर. दोन बाजूंना छिद्रे घेतल्याने नळीला त्याच मांडणीत ढकलले जाते. एकाच बाजूला छिद्र घेणे म्हणजे वाकण्याला आमंत्रण, कारण लोडची रेघ लगेच मध्यापासून सरकते. पुढच्या घड्यांसाठीही छिद्रे घ्यायची असतील, तर अर्ध्या घडीने खाली आणि शेजारच्या जोडीवर, अशी आळीपाळीने घ्या. मात्र छिद्रांच्या ओळीमुळे घडीची लांबी स्वतःच थोडी बदलते. म्हणून आधी साधी नळी दाबून प्रत्यक्ष घडी मोजा आणि मग ड्रॉइंग करा. सूत्र दिशा दाखवते, व्हर्निअर खरे सांगते.

तुमच्या दुसऱ्या संचाकडे वळतो. ४० × ४०, २ मिमी. रुंदी-जाडीचे गुणोत्तर २० च्या आत, लांबी रुंदीच्या आठपट. अब्रामोविच आणि जोन्स यांनी १९९७ मध्ये चौकोनी नळ्या कधी घड्या घालतात आणि कधी अख्ख्या वाकतात, याची सीमा प्रयोगांवरून काढली. सावकाश दाबलेल्या नळीत गुणोत्तर २० असताना ती सीमा लांबी-रुंदीच्या साडेपाचपटीच्या आसपास येते, आणि गुणोत्तर ४० असताना बारापटीच्या पुढे. अनेकांना हे उलटे वाटते : जाड भिंतीची नळी आखूड असतानाच वाकते! कारण असे की जाडी वाढली की घडी घालण्याचा लोड झपाट्याने वाढतो, आणि त्या वाढलेल्या लोडखाली अख्ख्या नळीने वाकणे स्वस्त पडते. तुमचा दुसरा संच या सीमेच्या पलीकडे आहे, पहिला खूप अलीकडे. निकाल उलटे का आले, याचे उत्तर एवढेच आहे.

वाकलेली नळी ऊर्जेच्या दृष्टीने वाया जाते. मधे एक बिजागरी, टोकांना दोन, बाकी सगळा पत्रा जसाच्या तसा. लोड एकदा पडला की पुन्हा वर येत नाही. छिद्रांनी पहिली घडी टोकाला आणि सरळ पाडली, की लोडची रेघ मध्यावर राहते आणि नळी सीमेपलीकडे असूनही बऱ्याचदा घड्यांवर टिकते. कॅनडातल्या विंडसर विद्यापीठाच्या गटाने २००६ मध्ये ६०६१-टी६ ॲल्युमिनियमच्या (६०६१ हा मिश्रधातू, टी६ ही उष्णता देऊन कडक केलेली अवस्था) चौकोनी नळ्यांवर असाच बदल दाखवला : साध्या नळ्या वाकल्या, आरपार छिद्रे असलेल्या चिरत आणि कापत खाली गेल्या आणि ऊर्जा वाढली. तुमच्या गाइडनी वाचलेला पेपर बहुधा याच जातकुळीतला. त्यातले ‘वाढली’ हे वाकलेल्या नळीच्या तुलनेत आहे. तिथल्या साध्या नळ्या तुमच्या पहिल्या संचासारख्या घड्या घालणाऱ्या असत्या, तर वाढ दिसली नसती.

ॲल्युमिनियमचा विषय निघालाच आहे तर धातूबद्दल. घडीच्या आतल्या कडेला पत्रा जवळजवळ स्वतःच्या जाडीइतक्या त्रिज्येत वळतो. तिथे बाहेरचा थर तीसएक टक्के ताणला जातो. माइल्ड स्टील हे सोसते. टी६ अवस्थेतले ६०६१ दहा-बारा टक्क्यांच्या आसपासच तुटते, म्हणून त्याच्या घड्या कोपऱ्यांवर फाटतात. टी४ ही कमी कडक अवस्था जास्त लवचीक, पण यील्ड कमी. फाटणे नेहमी वाईटच असे नाही. चिरत जाणारी नळी लोड बऱ्यापैकी सपाट ठेवते. वाईट असते ते अनिश्चित फाटणे : एका नमुन्यात तीन कोपरे फाटले, दुसऱ्यात एक. आयआयटी दिल्लीत एन. के. गुप्ता आणि एस. के. गुप्ता यांनी १९९३ मध्ये गोल नळ्यांवर ॲनीलिंग (तापवून मऊ करणे), आकार आणि छिद्रे यांचा परिणाम एकाच अभ्यासात तपासला होता. ते एकत्र तपासण्यातच शहाणपण आहे, कारण धातूची अवस्था बदलली की त्याच छिद्राचे काम बदलते.

छिद्राची कड हा लोकांना न दिसणारा भाग. पंच केलेल्या छिद्राची कड भिंगाखाली पाहा : वरचा तिसरा हिस्सा गुळगुळीत कापलेला, खाली खडबडीत तुटलेला पट्टा, आणि शेवटी बर (कडेला उरलेली धातूची कुसळे). त्या तुटलेल्या पट्ट्यात बारीक तडे आधीपासूनच असतात आणि धातू तिथे कडक झालेला असतो. घडीची बिजागरी-रेघ छिद्राच्या कडेतून गेली, की तडा तिथूनच निघतो, तोही बर असलेल्या बाजूने. त्यामुळे काही नमुन्यांत छिद्रे ड्रिल करून रीमर मारलेली आणि काहींत पंच केलेली असतील, तर ते एकाच संचात धरू नका. बर काढा, आणि काढली असे अहवालात लिहा. चौकोनी खिडकी घेणार असाल, तर तिच्या कोपऱ्यांना निदान जाडीच्या दुप्पट त्रिज्या द्या. बाजारातली नळी बहुतेक ईआरडब्ल्यू (पत्रा वळवून कडा विजेने वेल्ड केलेली) असते. तिची वेल्डची शिवण आतून बोट फिरवले की लागते. छिद्र त्या शिवणीवर येऊ देऊ नका, आणि सगळ्या नमुन्यांत शिवण असलेली बाजू कोणती, हे मार्करने नोंदवून ठेवा.

प्रत्यक्ष गाडीत ऊर्जेसाठी मुद्दाम पाडलेल्या छिद्रांपेक्षा दुसऱ्याच कामाची छिद्रे जास्त त्रास देतात. लाँग मेंबरवर वायरिंग हार्नेसच्या क्लिपची छिद्रे असतात, पेंट शॉपच्या ईडी (विजेने रंगाचा थर चढवण्याच्या) टाकीत द्रव आत जाऊन बाहेर यावा म्हणून निचऱ्याची छिद्रे असतात, वेल्डिंग फिक्स्चरच्या पिनांची असतात, बोल्टपर्यंत सॉकेट पोचावा म्हणून असतात. प्रत्येक विभागाला आपले एकच छिद्र दिसते. तिरक्या धडकेत नळीच्या मुळाशी वाकण्याचा मोमेंट सर्वांत जास्त असतो; नेमके तिथे हार्नेसवाल्यांचे २५ मिमीचे छिद्र दाबल्या जाणाऱ्या बाजूवर आले, तर पुढची सगळी छिद्रांची मांडणी व्यर्थ जाते आणि नळी मुळातून मोडते. म्हणून माझा नियम सोपा आहे : मुद्दामची छिद्रे पुढच्या टोकाला, नाइलाजाची छिद्रे मागे घ्यावीच लागली तर बाजूच्या मध्यावर, ताणल्या जाणाऱ्या बाजूवर आणि कड उठवून. तुमच्या प्रकल्पात वेळ उरला, तर १० अंशांचा पाचरीचा ठोकळा करून दोन-तीन नळ्या तिरक्या दाबून पाहा. सरळ दाबून सुंदर घड्या घालणारी नळी तिरकी दाबल्यावर कशी वागते, ते प्रबंधाचे सगळ्यांत वाचनीय पान होईल.

वेगाबद्दल थोडक्यात. यूटीएमवर तुम्ही मिनिटाला काही मिलिमीटर दाबता, धडकेत सेकंदाला चार मीटर. माइल्ड स्टील वेगाला संवेदनशील आहे. १०० मिमीच्या नळीत ताशी १५ किमीला सरासरी स्ट्रेन रेट (धातू ताणला जाण्याचा वेग) सेकंदाला १४ च्या आसपास येतो, आणि वेगाने ताकद किती वाढते ते सांगणाऱ्या कूपर-सायमंड्स सूत्रात नेहमीचे स्थिरांक (४०.४ आणि ५) घातले तर यील्ड जवळजवळ १.८ पट होते. मोठ्या स्ट्रेनला ही वाढ बरीच कमी होते, म्हणून मीन लोड तेवढ्या पटीने वाढवू नका. दुसरा परिणाम जडत्वाचा. कॅलाडीन आणि इंग्लिश यांनी १९८४ मध्ये दाखवले, की उभ्या सरळ पट्ट्यांसारख्या रचना आदळल्यावर आधी बाजूला सरकायला वेळ घेतात आणि त्या क्षणी लोड खूप चढतो. बाजू आधीच किंचित आत दबलेली असेल तर हा चढ कमी होतो. म्हणून डायनॅमिक पीक उतरवण्यात नुसत्या छिद्रापेक्षा दाबून केलेला खोलगट बीड मला जास्त भरवशाचा वाटतो : धातू जात नाही, कापलेली कड नाही, घडी आत पडायची की बाहेर तेही ठरते. कारखान्यातल्या क्रश बॉक्सवर छिद्रांपेक्षा बीड जास्त का दिसतात, हे आता लक्षात येईल. डायमध्ये तो प्रेसच्या त्याच फटक्यात निघतो.

सिम्युलेशन करणार असाल, तर एकच सापळा सांगतो, बाकी मॅन्युअलमध्ये आहे. वेळ वाचवायला लोक चौथ्या भागाचे सिमेट्री मॉडेल करतात. त्या मॉडेलमध्ये नळी वाकूच शकत नाही. तुमचा दुसरा संच तिथे घातलात, तर साधी नळीसुद्धा देखण्या घड्या घालेल आणि छिद्रांनी ऊर्जा घटली असे उत्तर येईल. पूर्ण नळी घ्या, बाजूंना जाडीच्या एखाद-दोन टक्क्यांची वाकडीतिकडी सुरुवात द्या, घडीत अर्ध्या लांबीला निदान सहा-आठ एलिमेंट येतील असे जाळे ठेवा, स्वतःच्या घड्यांचा एकमेकींशी संपर्क विसरू नका, आणि अवरग्लास एनर्जी (जाळ्याच्या खोट्या विकृतीत गेलेली ऊर्जा) इंटर्नल एनर्जीच्या पाच टक्क्यांच्या आत आहे का ते पाहा. छिद्राभोवती एलिमेंट ओबडधोबड असतील, तर तडा कुठे निघतो हा निकाल मानू नका.

गाइडना काय सांगायचे? पहिला संच पुन्हा करायची गरज नाही. त्याऐवजी चार रकान्यांचा तक्ता द्या : पीक, मीन, एकूण ऊर्जा, दर किलोमागे ऊर्जा. पाचवा रकाना कोसळण्याच्या पद्धतीचा ठेवा, आणि टक्केवारीची तुलना फक्त एकाच पद्धतीने कोसळलेल्या नमुन्यांत करा. पद्धत बदलली असेल तिथे टक्के न लिहिता ‘वाकण्याऐवजी घड्या’ एवढेच लिहा. सगळ्या नमुन्यांची ऊर्जा एकाच स्ट्रोकपर्यंत मोजा, उदाहरणार्थ मूळ लांबीच्या ६५ टक्क्यांपर्यंत, नाहीतर शेवटी घड्या एकमेकींवर बसून चढलेला लोड ऊर्जा फुगवतो. दुसऱ्या संचातल्या नळ्या शिल्लक असतील, तर १८० मिमीवर कापा, टोके लेथवर काटकोनात करून घ्या आणि छिद्रांसह व छिद्रांशिवाय दाबा. सीमेच्या अलीकडे आल्यावर त्याही साध्या नळ्या घड्या घालतील आणि छिद्रवाल्यांची ऊर्जा त्यांच्यापेक्षा थोडी कमी भरेल. तो कर्व्ह आणि ३२० मिमीचा कर्व्ह एकाच आलेखावर काढून गाइडसमोर ठेवा.